दहा मार्च ते एक सप्टेंबर

मंडळाच्या या पत्रिकेच्या मागील अंकात उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशात वसंत ऋतूमध्ये होणाऱ्या शिकारीवर एक लेख प्रसिद्ध झाला. लेखकाची तळमळ खरी आहे, भाषा ओघवती आहे, आणि बर्फावर सांडलेल्या रक्ताचे वर्णन वाचून कोणाही सहृदय माणसाच्या अंगावर काटा यावा असे आहे. लेखाचा निष्कर्ष असा की, ‘परंपरा’ या शब्दाच्या आडून चालणारी ही हत्या सर्वस्वी थांबली पाहिजे. विणीच्या हंगामात पक्षी मारणाऱ्यास, मग तो कोणीही असो, सवलत असू नये. सीलच्या कातड्यांवरील युरोपीय बंदीत तेथील मूलनिवासींसाठी ठेवलेला अपवादही काढून टाकावा. आणि आपल्या मंडळाने वार्षिक सभेत तशा आशयाचा ठराव संमत करून संबंधितांकडे पाठवावा. या ठरावाला माझा विरोध आहे. तो का, एवढे सांगण्यापुरता हा लेख.

प्रथम माझी भूमिका स्पष्ट करतो. मी जन्माने आणि सवयीने शाकाहारी आहे. बंदूक कधी हाती धरलेली नाही. शिकारीच्या मर्दुमकीच्या कथांचा मला मनस्वी कंटाळा आहे, आणि आमच्या माळव्यातील जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगलेली पेंढा भरलेली मुंडकी पाहून मला कधी कौतुक वाटलेले नाही. तेव्हा शिकारीची वकिली करण्यासाठी मी लेखणी उचलली आहे, असे कोणी समजू नये. माझा आक्षेप निराळा आहे. आयुष्यातील तीसहून अधिक वर्षे मी राज्य शासनाच्या सेवेत काढली, आणि त्यातला बराच काळ इतरांनी केलेल्या नियमांची व अधिसूचनांची अंमलबजावणी करण्यात गेला. एखादी तारीख अधिसूचनेत कशी शिरते, ती कोणाच्या सोयीने ठरते, आणि एकदा छापली गेली की ती जणू निसर्गाचाच नियम आहे असे सर्वांना कसे वाटू लागते, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या लेखकमित्रांनी ज्याला विणीच्या काळातील संरक्षणाचे सनातन तत्त्व मानले आहे, ती वस्तुतः अशीच एक छापील तारीख आहे. तिचा जन्म १९१६ सालचा.

त्या वर्षी १६ ऑगस्टला अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ग्रेट ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा करार झाला. हेतू उत्तम होता, यात शंका नाही. बाजारात विकण्यासाठी पक्षी मारणाऱ्यांनी त्यापूर्वीच्या अर्धशतकात उत्तर अमेरिकेत अक्षरशः कहर केला होता. एके काळी ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकोळून जाई, त्या प्रवासी पारव्यांपैकी अखेरची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली होती. करार आवश्यकच होता. पण त्यात बदके, कलहंस इत्यादी शिकारी पक्ष्यांसाठी जो बंदीकाळ घातला गेला, तो १० मार्च ते १ सप्टेंबर असा होता. मूलनिवासींना या काळात सवलत दिली गेली ती ऑक, मर, पफिन अशा काही समुद्रपक्ष्यांपुरती आणि स्कोटर नावाच्या एका बदकापुरती.

आता नकाशा समोर घ्यावा. हे पक्षी हिवाळा अमेरिकेच्या मध्य व दक्षिण भागात काढतात. एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यात ते उत्तरेत पोहोचतात, तेथे वीण करतात, आणि अगदी उत्तरेकडील किनाऱ्यांवरून सप्टेंबर उजाडेतो बहुतेक निघूनही जातात. म्हणजे पक्षी दक्षिणेत असतात तेव्हा शिकार खुली, आणि ते उत्तरेत असतात नेमके तेव्हा बंद. कॅलिफोर्नियातला हौशी शिकारी शरद ऋतूत आपल्या सुटीच्या दिवशी बदके मारून आणील तर तो कायद्याचे पालन करणारा नागरिक. आणि तीच बदके मे महिन्यात पोटासाठी मारणारा ध्रुवप्रदेशातला बाप मात्र गुन्हेगार. वर हेही ध्यानात घेतले पाहिजे की उत्तरेत वसंत हा आपल्यासारखा मोहराचा आणि कोकिळेचा ऋतू नव्हे. हिवाळ्याचा साठा संपत आलेला असतो. बर्फ इतका कच्चा झालेला असतो की त्यावरून फिरता येत नाही, आणि इतका वितळलेलाही नसतो की होडी घालता यावी. अशा अडनिड्या आठवड्यांत आकाशातून आलेले कलहंस हे महिन्यामहिन्यांनंतरचे पहिले ताजे अन्न असे. कराराने नेमके तेच काढून घेतले.

बंदीकाळ ही कल्पनाच वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. आमच्या मध्य प्रदेशात नद्या-तलावांतील मासेमारी १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात बंद असते. पावसाळ्यात माशांची वीण होते, म्हणून ही बंदी. तिचा जाच नर्मदाकाठच्या केवट-कहारांना होतो, परंतु मासा त्यांच्याच पाण्यात वाढतो आणि उरलेले दहा महिने त्यांच्याच जाळ्यात येतो. बंदीचे फळ बंदी सोसणाऱ्याला मिळते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर बंदी सोसणारा एक आणि फळ खाणारा दुसरा, अशी व्यवस्था होती. आमच्या लेखकमित्रांनी ‘सर्वांना समान कायदा’ असा शब्दप्रयोग केला आहे. कायद्याचे शब्द समान असतीलही. ऋतू समान नव्हता.

या कायद्याची पुढे काय गत झाली, ते दोन प्रसंगांवरून दिसते. मे १९६१ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या इनुपियाक गावात (या गावाने २०१६ मध्ये उत्कियाग्विक हे आपले मूळ नाव पुन्हा घेतले) केंद्रीय वन्यजीव अधिकाऱ्याने बंदीकाळात आयडर बदके मारल्याबद्दल काही जणांना पकडले. त्यांत जॉन नुसुंगिन्या हे राज्याच्या विधिमंडळाचे सदस्यही होते. त्यानंतर गावातील १३८ जण हाती एकेक बदक घेऊन गावच्या सभागृहात जमले, आणि आम्हीही हा गुन्हा केला आहे, आम्हालाही अटक करा, असे त्यांनी त्या अधिकाऱ्याला लेखी दिले. गावच्या दंडाधिकारी सेडी नीकॉक याही त्यांच्याच बाजूच्या होत्या. मूठभर मीठ उचलणाऱ्या माणसाच्या देशात राहणाऱ्या आपणांस या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. एवढ्या लोकांना ठेवायला तुरुंग कोठून आणणार? खटले टिकले नाहीत. कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला.

दुसरा प्रसंग कॅनडातला, आणि तो अधिक दुःखद आहे. मायकेल सिकिया हा यलोनाइफ परिसरातला डेने जमातीचा गृहस्थ क्षयाच्या उपचारांनंतर नुकताच परतला होता, आणि वसंतातील मस्करॅट पकडण्याच्या हंगामासाठी रानात निघाला होता. ७ मे १९६२ रोजी त्याने खाण्यासाठी मॅलार्ड जातीच्या बदकाची एक मादी मारली. एक बदक. त्यावरून खटला भरला गेला. त्याच्या लोकांनी १९२१ साली सरकारशी तह केला तेव्हा, शिकार व मासेमारी पूर्वीप्रमाणेच चालेल, असे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. उत्तरेकडील प्रदेशाचे न्यायाधीश जॉन सिसन्स यांनी त्या आश्वासनाचा मान राखून त्याला निर्दोष सोडले. सरकारने अपील केले. अपील न्यायालयाने दिलेला शब्द मोडला गेल्याचे मान्य केले, पण कायदा तो कायदा, म्हणून शिक्षा कायम केली. आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या प्रकरणाला पुढे तेथील लोक ‘दहा लाख डॉलरचे बदक’ म्हणू लागले. एका आजारातून उठलेल्या माणसाच्या एका बदकासाठी राज्ययंत्रणेने तीन न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे वाचून मला शासकीय सेवेतल्या अनेक फायली आठवल्या. त्यांचा तपशील येथे देत नाही.

आता आमच्या लेखकमित्रांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळतो, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वसंतात मारलेला पक्षी हा शरदात मारलेल्या पक्ष्याहून मोलाचा असतो. शरदात मारलेल्या पक्ष्यांपैकी कित्येक हिवाळ्यात तसेही मेले असते. वसंतातला पक्षी मात्र हिवाळा पार करून वीण करण्यासाठी आलेला असतो. हे खरे आहे. पक्षिशास्त्र हेच सांगते. परंतु यावरून निघते ते एवढेच की वसंतात थोडे मारावेत, जपून मारावेत आणि मोजून मारावेत. ते ‘कोणीही, कधीही, एकही मारू नये’ असे निघत नाही. आणि मोजण्याचे काम कायद्यानेच अशक्य करून ठेवले होते. जी गोष्ट गुन्हा आहे तिची आकडेवारी कोण देणार? ‘यंदा किती पक्षी मारलेत?’ या प्रश्नाला गुन्हेगार ठरवला गेलेला माणूस एकच उत्तर देतो: एकही नाही. जो नियम पाळला जाणार नाही हे देणारा, घेणारा व अधिकारी असे तिघेही जाणतात, तो नियम पक्ष्याचे रक्षण करीत नाही. तो फक्त त्याची मोजणी बंद पाडतो.

याचा पुरावा अलास्कातील युकॉन-कुस्कोक्विम या विस्तीर्ण त्रिभुज प्रदेशात मिळतो. कॅकलिंग गूज नावाचे लहान चणीचे कलहंस तेथे वीण करतात आणि हिवाळ्यात त्या काळी मुख्यतः कॅलिफोर्नियात उतरत. १९६० च्या दशकात त्यांची संख्या चार लाखांच्या घरात होती. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ती तीस हजारांच्या आसपास येऊन ठेपली. दोष कोणाचा? कॅलिफोर्नियातले शिकारी म्हणत, उत्तरेतले युपिक लोक अंडी व पक्षी खातात म्हणून. युपिक म्हणत, दक्षिणेतल्या बंदुका पाहा. अखेर १९८४ साली हूपर बे येथे दोन्ही बाजू आणि शासकीय अधिकारी एकत्र बसले. युपिक गावांनी त्या पक्ष्याची शिकार व अंडी गोळा करणे स्वखुशीने सोडले, आणि कॅलिफोर्नियातही त्याची शिकार थांबवण्यात आली. गंमत पाहा: कायद्याच्या दृष्टीने युपिकांना वसंतात शिकारीचा अधिकारच नव्हता. जो अधिकार कागदावर नाही तो त्यांनी सोडून दिला, आणि त्यामुळे पक्षी वाचला! काही संघटनांनी या समझोत्यालाच न्यायालयात आव्हान दिले. आणि १९८७ मध्ये न्यायालयाने, वसंतातील अशा शिकारीला वाव देणे १९१६ च्या करारात बसत नाही, असाच निर्णय दिला. तरीही गावांनी आपला शब्द पाळला. पुढील काळात हे कलहंस इतके वाढले की ऑरेगनमधील शेतकरी आपली पिके ते खातात म्हणून तक्रारी करू लागले. त्याच प्रदेशातील एम्परर गूज या पक्ष्याची शिकार १९८७ पासून बंद होती. संख्या सुधारल्यावर ती २०१७ च्या वसंतात मूलनिवासी कुटुंबांसाठी पुन्हा खुली झाली. मधली तीस वर्षे वाट पाहणारे हेच ते लोक, ज्यांना आपल्या मागील अंकात ‘निसर्गाविषयी बेपर्वा’ म्हटले गेले.

शेवटी दोन्ही सरकारांनीही चूक मान्य केली. १९९५ मध्ये मूळ करारात दुरुस्ती करणाऱ्या मसुद्यावर सह्या झाल्या, १९९९ मध्ये तो अमलात आला, आणि २००३ पासून अलास्कात वसंतातील निर्वाहापुरती शिकार नियमबद्ध रीतीने व कायदेशीरपणे सुरू झाली. एका तारखेची दुरुस्ती होण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली. आणि त्याच १९९९ साली आणखी एक गोष्ट घडली, जी आमच्या लेखकमित्रांनी अवश्य पाहावी. दक्षिणेतल्या शेतांतील धान्यावर पोसून हिमहंसांची संख्या भरमसाट वाढली होती, आणि हडसन उपसागराच्या काठची दलदलीतील गवते ते मुळासकट उपटून फस्त करीत होते. उपाय म्हणून अमेरिका व कॅनडा यांनी हिमहंसांची वसंतातील शिकार खुली केली. तीही दक्षिणेतल्या हौशी शिकाऱ्यांना! विणीच्या काळाचे सनातन तत्त्व, गरज पडताच, एका अधिसूचनेने बाजूस सारता आले.

‘परंपरा’ या शब्दाची मागील लेखात बरीच थट्टा आहे. परंपरा म्हणजे आजोबा करीत होते म्हणून नातू करतो, असा काहीसा लेखकांचा समज दिसतो. कॅनडात जेम्स उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर क्री लोक राहतात; आपल्या भूमीला ते ईयू इस्ची म्हणतात. त्यांच्या वसंतातील कलहंसांच्या शिकारीकडे पाहिले तर परंपरा म्हणजे काय, हे कळते. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे किनाऱ्यावरील आपापल्या तळांवर राहायला जातात. प्रत्येक शिकारी जागेचा एक प्रमुख असतो. इंग्रजीत त्याला ‘गूज बॉस’ म्हणतात, आपण त्याला त्या जागेचा पाटील म्हणू. लपणे कोठे बांधायची, कोणत्या दिवशी कोठे बसायचे आणि कोणत्या दिवशी मुळीच जायचे नाही, हे तो ठरवतो. वारा पडलेला असेल त्या दिवशी बंदूक उडवायची नाही, कारण निवांत हवेत आवाज दूरवर जातो आणि सारे थवे बिथरतात. अंधार पडल्यावर गोळी नाही. पक्षी रात्री विसावतात त्या पाण्याला धक्का लावायचा नाही. एकाच जागी रोज बसायचे नाही. जागा आलटून पालटून विसाव्यास ठेवायच्या. हे नियम कोठेही छापलेले नाहीत. ते मोडणाऱ्याला दंड नाही. पण पुढच्या वर्षी त्या तळावर त्याला कोणी बोलावीत नाही. असा नियम अमलात आणायला किती शिपाई लागतात, हा हिशेब मी सेवेत असताना करू शकलो असतो तर फार बरे झाले असते.

मारलेले पक्षी तळावर आले की काम स्त्रियांच्या हाती जाते. पिसे काढणे, साफ करणे, वाटे घालणे, आणि काही पक्षी दोरीला टांगून विस्तवापुढे फिरवत भाजणे. जमिनीवर स्प्रूसच्या ताज्या डहाळ्या अंथरलेल्या असतात. पिसांच्या उश्या व रजया होतात. मूल चालू लागले की त्याचा एक संस्कार असतो: पहाटे त्याला तंबूच्या दारातून, आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या पायांनी बाहेर जमिनीवर चालवतात. मुलाच्या हाती खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हाती काटक्या. आपल्या उपनयनाइतकाच किंवा उष्टावणाइतकाच हा संस्कार त्यांना महत्त्वाचा वाटतो. मुलाने मारलेला पहिला पक्षी तो स्वतः खात नाही. तो वडीलधाऱ्यांना द्यायचा असतो.

सापळ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. क्री प्रदेशात प्रत्येक कुटुंबसमूहाचे शिकारीचे क्षेत्र ठरलेले असते; अशी सुमारे तीनशे क्षेत्रे आज नोंदलेली आहेत. (ही कौटुंबिक मालकी गोऱ्यांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापारापूर्वीची की त्या व्यापारातून आलेली, यावर फ्रँक स्पेक यांच्या १९१५ च्या निबंधापासून विद्वानांत वाद आहे, १९५४ मध्ये एलिनॉर लीकॉक यांनी दुसरी बाजू मांडली. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही.) १९२० च्या दशकात कातड्यांचे भाव चढले, बाहेरचे सापळेवाले रेल्वेने आले आणि बीव्हर हा प्राणी बहुतेक भागांतून नाहीसा झाला. त्यामागोमाग उपासमार आली. १९३२ मध्ये रूपर्ट हाउस येथील हडसन्स बे कंपनीचे अधिकारी जेम्स वॉट आणि त्यांच्या पत्नी मॉड वॉट यांच्या पुढाकाराने बीव्हरसाठी राखीव क्षेत्र निर्माण झाले. पण ते चालवले कोणी? प्रत्येक कौटुंबिक क्षेत्राच्या क्री प्रमुखाने. आपल्या हद्दीत बीव्हरची घरटी किती, हे तो दरवर्षी मोजून सांगे, आणि त्यावरून किती पकडायचे ते ठरे. त्याला ‘टॅलीमन’ म्हणजे मोजणीदार म्हणू लागले. तो शब्द आजही चालू आहे. काही वर्षे बीव्हरला हात न लावता लोकांनी कळ काढली, आणि बीव्हर परत आला. बाहेरून आलेल्या माणसाला ज्या जागेवर पुढच्या वर्षी यायचे नसते, तो तेथे काही शिल्लक ठेवत नाही. ज्याच्या नातवाला त्याच ओढ्यावर सापळा लावायचा आहे, तो ठेवतो. आपल्याकडील कूळकायद्याचे आणि सामाईक गायरानांचे अनुभव ज्यांना आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

लेखकांचा एक टोमणा असा आहे की, बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या आणि दुर्बिणीच्या बंदुका वापरणाऱ्यांनी परंपरेचे नाव घेऊ नये. पंढरीच्या वारीबरोबर हल्ली पाण्याचे टँकर चालतात आणि वारकऱ्याच्या कनवटीला मोबाइल असतो. म्हणून ती वारी नव्हे, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? शिवाय ती मोटारगाडी का आली, हेही पाहावे. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅनडाच्या सरकारने विखुरलेल्या इनुइट कुटुंबांना शाळा व दवाखान्यांच्या सोयीसाठी मोठ्या वसाहतींत आणून बसवले. शिकारीच्या जागा दूर राहिल्या. तेथे पोहोचण्यास वेग हवा, वेगासाठी यंत्र, यंत्रासाठी पेट्रोल आणि पेट्रोलसाठी रोख पैसा. तो रोख पैसा सीलच्या कातड्यातून येई. मॅकगिल विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ जॉर्ज वेन्झेल यांनी १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात ही साखळी कडी-कडीने उलगडली आहे. सील मारला जाई तो मांसासाठी. कातडे विकून पुढच्या फेरीचे इंधन व काडतुसे येत.

ही साखळी १९८३ मध्ये तुटली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ हार्प सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिलांची जी व्यापारी कत्तल चाले, तिच्या विरोधात युरोपात मोठे आंदोलन झाले होते. त्या कत्तलीचे समर्थन मी करणार नाही. पिलांना सोट्यांनी मारून जहाजे भरणे याला मीही क्रौर्यच म्हणतो. युरोपीय समुदायाने पिलांच्या कातड्यांची आयात बंद केली, आणि इनुइटांच्या पारंपरिक शिकारीला त्यातून स्पष्टपणे वगळले. इनुइट तर बहुतांशी रिंग्ड सील ही दुसरीच जात मारतात, आणि मोठी जनावरे मारतात. पण दुकानातल्या ग्राहकाने अपवादाचे कलम वाचले नाही. सील म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे ते पांढरे पिलू आले. सगळ्याच कातड्यांचा बाजार कोसळला. २००९ मध्ये युरोपीय संघाने अधिक व्यापक बंदी घातली, पुन्हा अपवादासह. २०१४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने सार्वजनिक नीतिमत्तेच्या आधारे अशी बंदी घालता येते हे मान्य केले, पण अपवादाची अंमलबजावणी न्याय्य नसल्याचा ठपका ठेवला. त्याच वर्षी ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने आपल्या जुन्या मोहिमेमुळे इनुइट समाजाची जी हानी झाली, तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ज्या संस्थेने १९७६ पासून ही मोहीम चालवली, ती क्षमा मागते; आणि आपण इंदूर-उज्जैनच्या सभागृहात बसून त्या कागदी अपवादाचाही शेवट करा, असा ठराव करायला निघालो आहोत.

देवमाशाचा मुद्दाही मागील लेखात ओझरता आला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वसंतात बर्फाच्या भेगांतून उत्तरेकडे जाणाऱ्या बोहेड देवमाशांची शिकार इनुपियाक कुटुंबांचे ताफे दाढीवाल्या सीलच्या कातड्याने मढवलेल्या होड्यांतून करीत आले आहेत. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने ती बंद केली, कारण तज्ज्ञांच्या अंदाजाने देवमासे हजार-दोन हजारांच्या वर नव्हते. शिकारी म्हणाले, तुम्ही काठावर बसून दिसतील तेवढे मोजता. ते बर्फाखालूनही जातात आणि दूरच्या पाण्यातूनही. पुढे शास्त्रज्ञांनी पाण्यात ध्वनिग्राहक यंत्रे सोडली, तेव्हा शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. २०११ च्या गणनेत ही संख्या सुमारे सतरा हजार भरली, आणि या सर्व काळात ठरलेल्या मर्यादेत शिकार चालूच होती.

अहिंसा हे मोठे मूल्य आहे, आणि त्याची चेष्टा मी कधीही करणार नाही. पण ज्या जमिनीत ज्वारीचे कणीस येत नाही, तेथल्या आईने मुलाला काय वाढावे, हे ठराव लिहिणाऱ्याने सांगितले पाहिजे. विमानाने आणलेले, दुप्पट-तिप्पट दराचे, डब्यातले अन्न? तेही कोणत्या तरी दूरच्या कत्तलखान्यातूनच येते. फक्त ते रक्त बर्फावर दिसत नाही. आपल्या दयेची किंमत दुसऱ्याच्या ताटातून वसूल होत असेल, तर निदान त्या माणसाला विचारून तरी घ्यावे.

क्री लोकांनी स्वतःसाठी काय मागितले, हे ठाऊक असलेले बरे. त्यांच्या नद्यांवर प्रचंड धरणे बांधण्याची योजना १९७१ मध्ये जाहीर झाली तेव्हा ते न्यायालयात गेले. १९७३ मध्ये न्यायमूर्ती अल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. तो आठवड्याभरात स्थगित झाला. अखेर १९७५ मध्ये करार झाला. त्यात वर्षातले किमान चार महिने रानात शिकार व सापळ्यांवर राहणाऱ्या कुटुंबाला निश्चित उत्पन्न देण्याची तरतूद त्यांनी करून घेतली, आणि शाळा स्वतःच्या हाती घेतल्या. त्यापूर्वी त्यांची मुले सक्तीच्या निवासी शाळांत सप्टेंबर ते जूनपर्यंत अडकून पडत. म्हणजे आयुष्यातला एकही वसंत त्यांना आईबापांबरोबर तळावर काढता येत नसे, आणि वारा पडला असता बंदूक का उडवायची नाही, हे त्यांना सांगणारे जवळ कोणी नसे. आता क्री शाळांना दर मे महिन्यात दोन आठवडे सुटी असते. तिचे नावच ‘गूज ब्रेक’ आहे. अलीकडे बर्फ लवकर आणि बेभरवशाचा वितळू लागल्याने व थव्यांचे मार्ग बदलू लागल्याने त्या दोन आठवड्यांत पक्षी येतीलच याची शाश्वती राहिलेली नाही, ही त्यांची आजची खरी चिंता आहे. त्या चिंतेत आपली मोटारगाडी व आपला वातानुकूलक यांचा वाटा किती, यावर एखादा ठराव कोणी आणील तर मी त्याला अनुमोदन देईन.

मागील अंकातील ठराव वार्षिक सभेत मांडला गेल्यास माझे मत विरोधात नोंदवून घ्यावे, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. प्रकृतीच्या कारणाने मी उपस्थित राहू शकलो नाही, तर हाच लेख माझे लेखी मत समजावा.